बसून बघितली का?

आमच्या घरात एक खुर्ची लग्नातून राहिलेली आहे. कुणाच्या लग्नातून, ते आता कुणालाच आठवत नाही. पांढरी, प्लॅस्टिकची, पाठीवर लाल ऑइलपेंटनं मंडपवाल्याचं नाव. त्यातली शेवटची तीन अक्षरं माझ्या पाठीनं पुसून गेलीत. मंडपवाला खुर्च्या मोजून देतो, मोजून नेतो, तरी एखादी मागं राहतेच. माळशिरस तालुक्यात घराघरात अशी एक तरी सापडेल. मग पुढच्या कुठल्यातरी कार्यात आपली एखादी त्याच्या ट्रकमध्ये चढते. म्हणजे हिशेब शेवटी जुळत असावा.

हिशेब हा माझा धंदाच आहे. बाजारपेठेतली किराणा दुकानं, दोन कृषी सेवा केंद्रं, ठिबकचे पाइप विकणारा एकजण आणि एक मंडपवाला (तो नव्हे) यांच्या वह्या मी घरी बसून लिहितो. 'घरी बसून' यातला 'बसून' पंधरा वर्षं मी मनावर घेतला नव्हता. जीएसटीचं विवरणपत्र महिन्याच्या 20 तारखेला भरायचं असतं. किराणावाल्याला ही आठवण 19 तारखेच्या संध्याकाळी, शटर ओढताना होते. मग पिशवीभर बिलं येतात, त्यातली निम्मी तेलानं पारदर्शक झालेली, आणि मी रात्री दोनपर्यंत लग्नातल्या खुर्चीवर. अशाच एका 20 तारखेच्या पहाटे मी उठलो, पण कंबर उठली नाही.

अकलूजला गेलो. आमच्याकडं दात, हाड आणि डोळा यांसाठी अकलूजच. डॉक्टरांनी वाकवलं, सरळ केलं, विचारलं, "बसता कशावर?" मी वर्णन करू लागलो तर म्हणाले, "पाठीवर मंडपवाल्याचं नाव आहे का?" मी थक्क. "आमच्याही घरी एक आहे," ते म्हणाले आणि कागदावर चार गोळ्या लिहून पाचव्या ओळीत लिहिलं – 'चांगली खुर्ची'. खालच्या मेडिकलवाल्यानं चार गोळ्या काढून दिल्या. पाचव्या ओळीवर बोट ठेवून तो बराच वेळ कपाटं धुंडाळत राहिला आणि शेवटी म्हणाला, "ही कंपनी येत नाही आपल्याकडं. दुसरी देऊ का?"

तिथंच एका फर्निचरच्या दुकानात शिरलो. तिथला माल लग्नाच्या मापाचा: दिवाण, कपाट, ड्रेसिंग टेबल. एकट्या माणसानं काम करण्यासाठी बसावं ही कल्पना त्या दुकानाला फारशी मान्य नव्हती. कोपऱ्यात दोन फिरत्या खुर्च्या होत्या, दोन्हीवर कारखान्यातलं प्लॅस्टिक. महिना मे. दोन मिनिटं बसून उठलो तर खुर्चीही माझ्याबरोबर थोडी उठली. "प्लॅस्टिक काढून दाखवा की." मालक दुखावले. "काढायचं कशाला? धूळ बसती." शिवाय दोन मिनिटांत काय कळणार? एसटीचं सीटसुद्धा माळशिरसहून निघताना बरंच वाटतं. त्याचा खरा स्वभाव फलटण आल्यावर कळतो.

भाची हिंजवडीत नोकरीला आहे. ती म्हणाली, "मामा, ऑनलाइन घ्या की." 2020 साली टाळेबंदीत तिचं ऑफिस लॅपटॉपसकट घरी आलं होतं, तेव्हा पलंगावर लॅपटॉप घेऊन बसलेल्या लाखो लोकांप्रमाणे तिनंही तीन महिन्यांत खुर्ची मागवली. आता तिला आमच्या कंबरेपेक्षा खुर्चीतलं जास्त कळतं. तिनं फोनवर एकामागून एक शब्द टाकले: लंबर सपोर्ट, सिंक्रो टिल्ट, थ्रीडी आर्मरेस्ट, मेश बॅक, क्लास फोर गॅस लिफ्ट. मी वहीत लिहून घेतले. खालच्या ओळीत एकूण काढायची सवय आहे, ती मोठ्या कष्टानं आवरली.

त्या रात्री मी खुर्च्या बघायला बसलो. लग्नातल्या खुर्चीवर.

पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही, की या खुर्च्या जिथं उभ्या आहेत तशी खोली मी आयुष्यात पाहिलेली नाही. पांढरी भिंत, एक कुंडी, मोठी खिडकी, आणि वायर एकही नाही. आमच्या टेबलाखाली इन्व्हर्टर आहे, पाण्याचा जार आहे, ज्वारीचं बॅरल आहे आणि 2017 पासूनच्या जीएसटीच्या फायली आहेत. त्या बॅरलाला गुडघा न लावता बसता येईल का, हे कुठल्याच खुर्चीच्या तपशिलात लिहिलेलं नव्हतं. लिहिलेलं काय होतं? वजन 120 किलोपर्यंत चालेल. पाठ 135 अंशांपर्यंत मागं जाते. आणि एक शिक्का – 'बिफ्मा'.

मी कागदावरच्या शिक्क्याला मान देणारा माणूस. शोधून काढलं. बिफ्मा ही अमेरिकेतल्या ऑफिस फर्निचर बनवणाऱ्यांची संघटना, 1973 साली स्थापन झालेली. खुर्ची किती टिकते याच्या चाचण्यांचे नियम ती ठरवते. त्या चाचण्यांत वजनाची पिशवी सीटवर पुन्हा पुन्हा आदळतात, हजारो वेळा. आमच्याकडं हे काम मेहुणे करतात.

पण टिकते म्हणजे मानवते असं नाही, एवढं मला लग्नातल्या खुर्चीनं शिकवलं होतं. ती बिचारी मोडत कुठं होती? मोडलो मी.

135 अंशांचं कोडंही सुटलं. 2006 साली स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनच्या संशोधकांनी 22 जणांना उभ्या धाटणीच्या एमआरआय यंत्रात तीन तऱ्हांनी बसवलं: पुढं वाकून, काटकोनात ताठ, आणि 135 अंशांत मागं रेलून. मणक्यांमधल्या चकत्यांना सगळ्यात कमी त्रास मागं रेलल्यावर झाला. शाळेत गुरुजी पाठीत बुक्का घालून 'ताठ बस' म्हणायचे, तो काटकोन यात हरला. जिंकला तो आमच्या आजोबांचा कोन. ओसरीवर त्यांची कापडी आरामखुर्ची असायची, आणि ती याच कोनात. आजोबा मात्र त्या कोनात हिशेब करत नसत, ते झोपत. मी दिवाणावर उशा रचून 135 अंश साधून पाहिले. चकत्यांना बरं वाटलं असावं. मला लॅपटॉप दिसेना. पंखा आणि त्यावरची जळमटं दिसली, ती बायकोला दाखवली, आणि संशोधन तिथं थांबवून मला स्टुलावर चढावं लागलं.

मग परीक्षणं वाचायला घेतली. ही मात्र वाचण्यासारखी चीज आहे. बिलं वाचून वाचून मला माणसं ओळखता येतात, तरी या लोकांनी मला चक्रावून टाकलं. एकानं पाच तारे देऊन लिहिलं होतं, 'अजून खोललेली नाही, खोका चांगला आहे.' दुसऱ्यानं एक तारा दिला होता. कारण काय, तर खुर्ची उत्तम आहे पण डिलिव्हरीवाल्यानं चपला न काढता दारात पाय ठेवला. एकजण म्हणे, 'सलग आठ तास बसतो, कंबरदुखी गायब.' खुर्ची त्याला मिळून दोन दिवस झाले होते. म्हणजे एकूण सोळा तासांच्या अनुभवावर हा माणूस मला दहा वर्षांचा सल्ला देत होता. एका बाईंनी लिहिलं होतं, खुर्ची मिस्टरांसाठी घेतली, मांजरीला फार आवडली. मिस्टरांचं पुढं काय झालं याचा उल्लेख नव्हता. आणि सगळ्यांत जास्त लोकांनी एकच शब्द लिहिला होता: नाइस. वारंवार वाचलं की या शब्दाला वास येतो, जुन्या तेलाच्या बिलासारखा.

शिवाय प्रत्येकाची पाठ वेगळी. 'माझी उंची सहा फूट, मला हेडरेस्ट मानेला टोचतो' असं लिहिणाऱ्याचं दुःख मी समजू शकतो, पण पाच फूट चार इंचांच्या माणसानं त्याच्या मानेवरून आपल्या मानेचा अंदाज कसा करावा? सगळ्यांची सरासरी आली चार पूर्णांक तीन. सहा फुटाची मान, मांजर, खोका आणि चपला यांची बेरीज करून भागिले माणसं. माझ्या एखाद्या गिऱ्हाइकानं असं पत्रक आणलं असतं तर मी त्याला दारातून परत पाठवला असता. आमच्या तालुक्याला आकडे जसेच्या तसे गिळायची तशी सवय नाही. डिसेंबर 2024 मध्ये मारकडवाडीनं विधानसभेच्या निकालानंतर गावापुरतं मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घेऊन बघायचं ठरवलं होतं. प्रशासनानं ते होऊ दिलं नाही, ती गोष्ट वेगळी. खुर्चीचा प्रश्न आला की माणसं मोजणीपर्यंत जातात. मी मात्र ते चार पूर्णांक तीन मुकाट्यानं मान्य केले.

शेजारचे आबा रोज सकाळी चहाला येतात. आयुष्य बैलांत गेलं. त्यांना मी पसंत केलेल्या खुर्चीचा फोटो दाखवला. त्यांनी फोन लांब धरला, जवळ धरला, उलटाही केला. मग विचारलं, "बसून बघितली का?"

"नाही आबा. फोटोवरून घ्यायची."

आबांनी कप खाली ठेवला. बैल घ्यायचा तर दात मोजतात, शेपूट पिळतात, भोवरा कुठं आहे ते बघतात, चालवून बघतात, आणि एवढं झाल्यावर रुमालाखाली बोटं धरून भाव करतात. अकलूजच्या घोडेबाजारात रपेट मारल्याशिवाय कुणी घोडा घेत नाही. "आन् तू," आबा म्हणाले, "ज्येच्यावर बसायचं, त्येच्यावर बसायच्या आधी पैसं देनार?"

"पटली नाही तर दहा दिवसांत परत घेतात."

"बैल पन परत घेत्यात," आबा म्हणाले, "पन इकनारा म्हनतो, तुज्याकडं आला म्हनून बिघाडला."

आईचा आक्षेप वेगळा होता. तिला खुर्चीच नको होती. तिच्या मते मी पाटावर मांडी घालून बसावं, पुढं चौरंग घ्यावा. कंबर कशाला दुखते? डॉक्टरांनी सांगितलंय म्हटलं तर म्हणाली, "त्यो सोता खुर्चीत बसतोय म्हनून सांगतोय." तिच्या बाजूनं इतिहास आहे हे नाकारता येत नाही. खुर्ची हा शब्दच आपल्याकडं अरबी-फारसीतून आला. त्याआधी आपली दौलत गादी, लोड आणि तक्क्यावर चालत होती. इंग्रज वकील चार्ल्स मॅलेटनं 1790 साली पुण्याच्या दरबारात पेशव्यांशी तह केला, त्या प्रसंगाचं थॉमस डॅनियलनं 1805 मध्ये पुरं केलेलं मोठं चित्र आहे. सगळा दरबार गालिच्यावर. घट्ट विजारींतले ते साहेब खाली बसताना काय काय झालं असेल, आणि तहाची कलमं लवकर उरकण्यात त्यांच्या गुडघ्यांचा वाटा किती, यावर कुणीतरी लिहायला हवं.

भाची मात्र शास्त्रीय. ती म्हणाली, आधी माप घ्या. पाऊल जमिनीवर सपाट, गुडघा काटकोनात, आणि जमिनीपासून गुडघ्यामागच्या लवणीपर्यंत किती, तेवढी सीटची उंची. बायकोनं ब्लाउजची टेप आणली. साडेपंधरा इंच. वीस वर्षांच्या संसारात माझं हे माप तिला पहिल्यांदाच कळलं, तिनं ते कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवलं. अशी मापं मोजायचं काम आपल्या देशात झालेलं आहे बरं का. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेनं 1997 साली देबकुमार चक्रबर्ती यांचं पुस्तक काढलं, भारतीय माणसांच्या शरीरमापांचं, वस्तू घडवणाऱ्यांसाठी. खुर्च्यांचे साचे पाडणाऱ्या सगळ्यांनी ते उघडलं असतं तर माझं पुढचं निम्मं दुःख टळलं असतं. उरलेलं निम्मं माझं स्वतःचं. त्या खुर्चीची कमीत कमी उंची लिहिली होती 45. मी साडेपंधरा हातात धरून 45 बघितले आणि 'भरपूर आहे' म्हणून पैसे भरले. ते सेंटिमीटर होते. हिशेबाच्या धंद्यातल्या माणसानं ही गोष्ट गिऱ्हाइकांच्या कानावर जाऊ देऊ नये.

खुर्ची निघाली. कुठं पोचली ते फोन तासातासाला सांगत होता. अकलूजला येऊन मात्र ती दोन दिवस बसली. बसायला घेतलेली वस्तू स्वतःच बसून राहिली याचा राग कुणावर काढणार? तिसऱ्या दिवशी डिलिव्हरीच्या पोराचा फोन आला. "पत्ता बरोबर टाका की ओ साहेब. 'मारुतीच्या देवळाजवळ' लिव्हलंय. कुठला मारुती?" बरोबरच होतं त्याचं. माळशिरसला एकच मारुती आहे असं समजणारा मी कोण?

खोक्यातून निघाले ते सुटे भाग. एक चांदणीसारखा पाय, पाच चाकं, दोन हात, पाठ, बूड, एक एल-आकाराचा पाना आणि एक कागद. कागदावर अक्षर एक नाही, नुसती चित्रं. चित्रातला माणूस सुरुवातीपासून शेवटपर्यंत हसत होता. मधला नळकांड्यासारखा भाग आईनं उचलला. "ह्ये काय?"

"गॅस सिलिंडर."

"खुर्चीत गॅस?"

नायट्रोजन असतो, दाबाखाली भरलेला. दांडा ओढला की सीट वर उचलतो, पेटत नाही, संपत नाही, हे सगळं मी सांगितलं. आई चुलीवर हात शेकल्यासारखी मागं सरली होती. "नंबर लावावा लागतो का त्येला?" तिनं विचारलं, आणि संध्याकाळपर्यंत खुर्ची देवघरापासून लांब ठेवायला लावली.

बसलो. पाठ झकास टेकली. जाळीतून वारा आला. आमच्या उन्हाळ्यात रेक्झिनवर बसणं म्हणजे तव्यावर भाकरी होणं. जाळीची ही युक्ती 1994 साली अमेरिकेत एरॉन नावाच्या खुर्चीनं गाजवली, डॉन चॅडविक आणि बिल स्टम्फ हे तिचे जनक. माझी खुर्ची तिची फार लांबची, गरिबाघरची पुतणी. पण वारा तोच. पुतणीचे गुण दिसले, मग खाली बघितलं. माझे पाय हवेत होते. टाचा जमिनीपासून दोन बोटं वर, जत्रेतल्या पाळण्यात बसल्यासारखे. दांडा ओढून पाहिला, वर उठून आदळून पाहिलं. 45 म्हणजे 45. आई न बोलता आत गेली आणि पाट घेऊन आली. तो पायांखाली सरकवला. बरोब्बर बसला. पाटावर बसण्याबद्दल ती तेव्हा काही म्हणाली नाही, हा तिचा मोठेपणा. तिनं ते दुसऱ्या दिवशी आबांसमोर म्हटलं.

खरा घोळ पुढं आहे. आमच्या घराला शहाबादी फरशी, आणि गवंड्यानं तिला मोरीकडं उतार दिलेला. घर धुतलं की पाणी आपलं आपण जावं म्हणून. आम्ही चाळीस वर्षं त्याचं कौतुक करत आलो. खुर्चीच्या पाच चाकांनाही तो उतार लगेच पसंत पडला. जीएसटीच्या पोर्टलवर ओटीपीची वाट बघत मी हात मांडीवर ठेवला की खुर्ची अगदी सावकाश, कुणाला कळणार नाही अशी, मोरीकडं निघायची. मोबाइल टेबलावर राही, मी मोरीच्या उंबऱ्यापाशी. एकदा ठिबकवाला समोर बसून बिलं वाचून दाखवत होता. मान वर करून बघतो तर मी नाही. "साहेब, राग आला का?" त्यानं विचारलं.

परत करावी का? दहा दिवसांपैकी सहा उरले होते. कारण निवडायची यादी आली: रंग वेगळा, वस्तू मोडकी, आता गरज नाही. 'खुर्ची मोरीत जाते' असा पर्याय नव्हता. 'इतर' दाबलं तर म्हणे फोटो जोडा. जात असतानाचा फोटो काढायला मी उठलो, की खुर्ची थांबायची. माझ्या वजनाशिवाय तिला मोरीचं आकर्षण नव्हतं. सहा दिवस असेच गेले.

तेवढ्यात पालखी आली. माउलींची पालखी नातेपुत्यानंतर आमच्या गावात मुक्कामाला असते, वाटेत सदाशिवनगरला रिंगण करून. आयकराची विवरणपत्रं भरायची मुदत जवळ आलेली असो वा नसो, त्या रात्री आमच्या घरात वहीला जागा नसते. यंदा परभणीकडची दिंडी उतरली, अठरा जणं. एका आजींना मी आग्रहानं खुर्चीवर बसवलं. त्या टेकल्या, खुर्ची निघाली, आणि आजी दोन्ही हात जोडून "माउली, माउली" म्हणत मोरीपर्यंत जाऊन आल्या. उतरल्या, भिंतीला पाठ लावून खाली बसल्या, खुर्चीचा कंबरेमागचा गोल तक्क्या तेवढा मागून घेतला आणि उशाला घेऊन झोपल्या. दुपारच्या सरीत भिजलेली धोतरं-लुगडी कुणीतरी खुर्चीवर वाळत घातली. हेडरेस्टवर एक, दोन हातांवर दोन. ते हात वर, पुढं, बाजूला, असे तिन्ही दिशांनी हलतात, याचा उपयोग माझ्या घरात त्या रात्री पहिल्यांदा झाला. पंख्याखाली ढकललेली खुर्ची दर दहा मिनिटांनी कपड्यांसकट मोरीकडं निघायची आणि कुणीतरी तिला वळवून आणायचं.

दिंडीत एक मामा होते, गळीत हंगामात उसाचा ट्रॅक्टर चालवणारे. त्यांनी हा प्रकार दोनदा बघितला. तिसऱ्यांदा उठले, अंगणात गेले, विटेचा अर्धा तुकडा घेऊन आले आणि भरलेली ट्रॉली कारखान्याच्या रांगेत लावतात तसा खुर्चीच्या उताराकडच्या चाकाला लावला. पायानं ठोकून बसवला. खुर्ची थांबली. मामा झोपले. पहाटे सगळे खुडूसच्या रिंगणाला निघून गेले, वीट राहिली.

आता मी रोज तिथं बसतो. पाठीला जाळी, पायाखाली पाट, चाकाला वीट. कंबर पूर्वीपेक्षा बरी आहे. डॉक्टर म्हणतात, अर्ध्या तासानं उठत जा, तेही वीट सरळ करायच्या निमित्तानं आपोआप होतं. लग्नातली खुर्ची ठिबकवाल्यासाठी समोर ठेवलीय.

परवा फोनवर निरोप आला. आमचीच खुर्ची घेऊ पाहणाऱ्या कुणीतरी विचारलं होतं, 'चाकांना लॉक आहे का? आधी घेतलेल्यांनी कृपया सांगावं.' खाली दोघांनी 'नाइस' लिहिलं होतं. मी लिहिलं, 'नाही. वीट स्वतःची आणावी. अर्धी पुरते.'

आजपर्यंत अकरा जणांना हे उत्तर उपयोगी वाटलंय.